न दिसणारे किरण

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, एक विचारू का? आमच्या सासूबाईंना घशाचा कॅन्सर झाला होता. मुंबईला नेऊन मशिनीवर पस्तीस शेक दिले. आता त्या घरी आल्यात. पण शेजारी म्हणतात, त्यांच्या अंगात किरण शिरलेत, पोराला जवळ जाऊ देऊ नका. म्हणून त्यांचं ताट वेगळं केलं, अंथरूण पडवीत टाकलं. नातू आजीकडे धावतो, तर आम्ही त्याला ओढून आणतो. म्हातारी काही बोलत नाही, नुसती बघत राहते. आमचं हे बरोबर आहे का चूक?"

एका शब्दात उत्तर देता आले असते. पण नुसते ऐकलेले फार दिवस टिकत नाही, समजलेले टिकते. उद्या दुसरा कोणी येऊन उलटे सांगेल, मग पुन्हा मनात भीती शिरेल. म्हणून त्या बाईंना आम्ही त्याच रात्री उत्तर दिले, आणि पुढे चार रात्री साऱ्या वर्गाला हाच धडा शिकवला. तो येथे लिहीत आहोत. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर धड्यात पुढे येईल. ते शोधत शोधत वाचा.

हाडांचा फोटो

हात मोडला की डॉक्टर म्हणतात, "फोटो काढून आणा." हा फोटो साध्या उजेडाने निघत नाही. तो क्षकिरणांनी निघतो.

हे किरण जर्मनीतील रंटगेन नावाच्या प्राध्यापकांना १८९५ साली नोव्हेंबर महिन्यात सापडले. काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडून ते प्रयोग करीत होते. नळी काळ्या कागदाने झाकलेली होती. तरी दूर ठेवलेला रसायन लावलेला पडदा अंधारात चमकू लागला. कागदातून पार जाणारे हे किरण कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. गणितात न कळलेल्या संख्येला आपण 'क्ष' म्हणतो ना? तसेच या किरणांचे नाव पडले क्षकिरण. डिसेंबरात रंटगेन यांनी आपल्या पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवून त्यावर हे किरण सोडले. काचेवर हाताची हाडे उमटली आणि बोटातली अंगठीही उमटली.

क्षकिरणांना वीज लागते. यंत्र बंद केले की किरण संपले. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ढगाळ दिवसांत लागलेला शोध

पॅरिस शहरात बेकेरेल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी रंटगेन यांचा शोध ऐकला. काही क्षार उन्हात ठेवले की चमकतात. त्यांतूनही असेच किरण निघत असतील काय, असे त्यांना वाटले. त्यांनी फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळली, तिच्यावर युरेनियम धातूचा क्षार ठेवला आणि ते सारे उन्हात ठेवायचे ठरवले.

पण १८९६ सालच्या फेब्रुवारीअखेर पॅरिसवर ढग आले. ऊन पडेना. बेकेरेल यांनी काच आणि क्षार खणात ठेवून दिले. १ मार्चला त्यांनी ती काच धुऊन पाहिली. ऊन मिळाले नाही, तेव्हा फार तर पुसट डाग दिसेल असे त्यांना वाटत होते. पाहतात तो काय! काचेवर ठळक काळा ठसा उमटला होता.

ऊन नव्हते. वीज नव्हती. विस्तव नव्हता. तरी अंधाऱ्या खणात युरेनियममधून आपोआप किरण निघत होते. या आपोआप किरण सोडण्याला आपल्या भाषेत किरणोत्सर्ग म्हणतात. उत्सर्ग म्हणजे बाहेर टाकणे.

एका गुंजेसाठी चार वर्षे

पोलंड देशातील मारी नावाची मुलगी शिकायला पॅरिसला आली. तिच्या देशात त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. पॅरिसला तिने पियेर क्यूरी या शास्त्रज्ञाशी लग्न केले. पुढे सारे जग तिला मादाम क्यूरी म्हणू लागले.

युरेनियम ज्या काळ्या खनिजातून काढतात, त्या खनिजातून युरेनियमपेक्षाही जास्त किरण निघतात, असे मारीबाईंना दिसले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेले असले पाहिजे! नवराबायको कामाला लागली. १८९८ सालच्या जुलैत त्यांनी एक नवे मूलद्रव्य जाहीर केले. मारीबाईंनी आपल्या देशावरून त्याचे नाव ठेवले पोलोनियम. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी दुसरे जाहीर केले, रेडियम.

पण रेडियम डोळ्यांना दाखवायचे तर वेगळे काढायला हवे. एका गळक्या शेडमध्ये खनिजाची पोतीच्या पोती येऊन पडली. मारीबाई ते उकळीत, गाळीत आणि जवळजवळ आपल्या उंचीच्या लोखंडी सळईने ढवळीत. अशी सुमारे चार वर्षे गेली. अनेक टन खनिजातून १९०२ साली रेडियमचा शुद्ध क्षार हाती आला. किती? एका ग्रॅमचा दहावा भाग. सोनाराच्या तराजूत जेमतेम एक गुंज भरेल एवढा!

१९०३ साली बेकेरेल आणि क्यूरी पतिपत्नी यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली पियेर रस्त्यात घोडागाडीखाली सापडून वारले. पदरी दोन लहान मुली होत्या. तरी मारीबाईंनी काम सोडले नाही. १९११ साली त्यांना दुसऱ्यांदा नोबेल मिळाले. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा त्यांनी मोटारीत क्षकिरणांचे यंत्र बसवले आणि जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या कोठे अडकल्या आहेत ते डॉक्टरांना दाखवले.

किरण येतात कोठून?

माती, पाणी, भाकरी, आपले शरीर, सारे काही अणूंचे बनलेले आहे. अणू इतका बारीक की साध्या डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही. अणूच्या मध्यभागी गाभा असतो. आंब्याला जशी कोय, तसा हा गाभा. त्याचा शोध रदरफोर्ड या शास्त्रज्ञांनी १९११ साली जाहीर केला. गाभ्यात दोन जातींचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन.

बहुतेक अणूंचा गाभा घट्ट असतो. तो कधी बदलत नाही. पण काही अणूंचा गाभा डळमळीत असतो. डोक्यावर जास्त ओझे घेतलेला माणूस कसा झुकतो? मग एखादे गाठोडे टाकून देतो, तेव्हा नीट उभा राहतो. तसा डळमळीत गाभा आपल्यातले काही बाहेर फेकतो. हेच किरणोत्सर्गाचे किरण.

गंमत अशी की फेकाफेक झाल्यावर अणूची जातच बदलते. युरेनियमचा अणू टप्प्याटप्प्याने बदलत जातो. वाटेत तो रेडियम होतो, आणि शेवटी साधे शिसे होऊन स्वस्थ बसतो.

तीन भावंडे

या किरणांच्या मुख्य जाती तीन. पहिल्या दोन रदरफोर्ड यांनी १८९९ साली ओळखल्या. तिसरी फ्रान्समधील व्हिलार्ड यांना १९०० साली आढळली.

थोरला अल्फा. हा दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा जड कण. अंगाने जाड, पण चालायला आळशी. हवेत चार बोटे गेला की थकतो. साधा कागद आड धरला तरी थांबतो. आपल्या कातडीतूनही आत जात नाही. पण त्याला गरीब समजू नका. अल्फा सोडणारी धूळ तोंडातून किंवा नाकातून पोटात गेली, तर आतल्या आत फार नासधूस करते.

मधला बीटा. हा इलेक्ट्रॉन नावाचा हलका कण. कागदातून पार जातो, पण काही मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याने अडतो.

धाकटा गामा. हा कण नव्हे, क्षकिरणांसारखाच किरण. हा सगळ्यांत खोल जाणारा. कागद, पत्रा, माणसाचे शरीर यांतून पार होतो. त्याला अडवायला शिशाचा जाड ठोकळा किंवा काँक्रीटची रुंद भिंत लागते.

निम्मे होण्याचा काळ

तव्यावर ज्वारीच्या लाह्या भाजताना पाहिल्या आहेत ना? कोणता दाणा केव्हा फुटेल ते सांगता येत नाही. पण एवढ्या वेळात साधारण किती फुटतील, ते भाजणारीला अचूक ठाऊक असते. अणूंचेही तसेच. फरक एवढाच की अणूला आच लागत नाही. तो आपोआप फुटतो. तापवा, गोठवा, हातोड्याने ठोका, त्याची चाल बदलत नाही.

साठ्यातले निम्मे अणू बदलायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. कोबाल्ट-६० चे सव्वापाच वर्षे. औषधात वापरतात त्या आयोडीन-१३१ चे आठ दिवस. म्हणजे आज त्याचे सोळा भाग असतील तर आठ दिवसांनी आठ, सोळा दिवसांनी चार, चोवीस दिवसांनी दोन. असे ते निम्मे निम्मे होत जाते.

प्रत्येक सजीवात थोडा किरणोत्सारी कार्बन असतो. जीव मेला की नवा कार्बन येत नाही, आणि असलेला ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजला की जुन्या लाकडाचे, जळक्या दाण्यांचे वय कळते. ही युक्ती अमेरिकेतील लिबी यांनी १९४९ साली दाखवली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन झाले. तेथील वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे, हे सांगायला अशाच मापांचा आधार मिळाला.

उजेड आणि काजळी

आता आपण बाईंच्या प्रश्नापाशी आलो.

घरात चिमणी पेटवली. भिंतीवर उजेड पडला. चिमणी उचलून बाहेर नेली. आता भिंत चमकेल काय? नाही. उजेड पडला आणि गेला. भिंतीत साठून राहिला नाही. पण त्याच चिमणीची काजळी भिंतीला लागली, तर चिमणी नेल्यावरही ती तेथेच राहते. हात लावला तर हातालाही लागते.

किरण हे उजेडासारखे. किरण सोडणारा पदार्थ हा काजळीसारखा. या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याला हा धडा कळला.

यंत्रावर शेक देतात तेव्हा काय होते? यंत्र बाहेर असते. किरण अंगातून जातात, गाठीच्या पेशी मारतात आणि संपतात. यंत्राचे तोंड मिटले की रोग्याच्या अंगात काही उरत नाही. म्हणून मशिनीवर शेक घेतलेल्या आजीच्या मांडीवर नातवाने खुशाल बसावे. एका ताटात जेवावे. तिच्याने कोणाला काही होणार नाही. कॅन्सर हा स्पर्शाने लागणारा रोगही नव्हे.

मात्र एक लक्षात ठेवा. काही उपचारांत किरणोत्सारी औषधच पोटात देतात. गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीच्या काही रोगांत आयोडीन-१३१ देतात. तेव्हा पदार्थच अंगात असतो. अशा वेळी डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुले आणि गरोदर बाया यांच्यापासून दूर राहावे. ते दिवस भरले की पुन्हा पहिल्यासारखे वागावे. शेजाऱ्याचे न ऐकता डॉक्टरांना विचारावे, "यंत्राने किरण दिले की औषध पोटात दिले?" एवढा एक प्रश्न विचारता आला तरी पुरे.

माणसाच्या कामी आलेले किरण

क्यूरीबाईंच्या काळी रेडियम फार महाग होते. १९३४ साली त्यांची मुलगी इरेन आणि जावई फ्रेडरिक यांनी दाखवून दिले की साध्या मूलद्रव्यापासूनही किरणोत्सारी पदार्थ बनवता येतो. पुढे अणुभट्ट्या आल्या आणि असे पदार्थ स्वस्त झाले. आपल्या देशातली पहिली अणुभट्टी मुंबईजवळ तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. तिचे नाव अप्सरा. डॉ. होमी भाभा या कामाचे प्रमुख होते.

दवाखान्यात: कोबाल्ट-६० च्या गामा किरणांनी कॅन्सरवर उपचार करणे १९५१ साली कॅनडात सुरू झाले. आज तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले भाभाट्रॉन नावाचे यंत्र देशातील अनेक रुग्णालयांत काम करते.

औषधांच्या कारखान्यात: सुया, पट्ट्या, टाके घालायचे दोरे बंद पाकिटातच गामा किरणांखाली धरतात. पाकीट न उघडता आतले जंतू मरतात. तुर्भ्याला असे केंद्र १९७४ सालापासून आहे.

बाजारात: नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. तेथे २००२ साली किरणांचे केंद्र सुरू झाले. कांद्यावर थोडे गामा किरण सोडले की कोंब फुटत नाहीत आणि चाळीतला कांदा जास्त दिवस टिकतो. आंब्याच्या कोयीत लपलेली कीड मारायलाही हे किरण चालतात. असे आंबे २००७ साली लासलगावहून अमेरिकेला गेले. हा कांदा, हा आंबा खाल्ला तर अंगात किरण जातात काय? उजेड आणि काजळी आठवा. उत्तर तुम्हीच द्या.

शेतात: किरणांनी बियाण्यात बदल घडवतात. त्यातली चांगली रोपे निवडून नवे वाण करतात. टीएजी-२४ हा भुईमुगाचा वाण असाच तुर्भ्याहून आला आणि आपल्या शेतांत रुजला.

धारेला दोन बाजू

विळीने भाजी चिरते आणि बोटही कापते. किरणांचे तसेच आहे. जे किरण गाठीच्या पेशी मारतात, ते चांगल्या पेशीही मारतात. म्हणून डॉक्टर मापूनमोजून, नेमक्या जागी शेक देतात.

सुरुवातीला हे कोणालाच ठाऊक नव्हते. बेकेरेल यांनी रेडियमची नळी खिशात ठेवली, तर कातडी भाजली. अमेरिकेत १९१७ सालापासून घड्याळाच्या तबकड्यांना रेडियमचा चमकता रंग लावीत. काम करणाऱ्या मुली ब्रशाचे टोक ओठांनी सारखे करीत. दर वेळी थोडे रेडियम पोटात जाई आणि हाडांत जाऊन बसे. त्यांचे जबडे झडले, कित्येक जणी मेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या, आणि १९२८ साली मालकाला भरपाई द्यावी लागली. मारीबाईंचे रक्तही किरणांनी नासले. १९३४ साली त्या वारल्या. त्यांच्या वह्यांतून आजही किरण निघतात. १९४५ साली ऑगस्ट महिन्यात हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले. तेथे आगीतून वाचलेली माणसेही पुढे किरणांच्या आजाराने मेली.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. ब्राझील देशात गोयानिया नावाचे शहर आहे. १९८७ साली तेथील एका बंद पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी एक जड यंत्र उचलून नेले आणि भंगारात विकले. आत सीझियम-१३७ ची भुकटी होती. अंधारात तिच्यातून निळा उजेड येई. भंगारवाल्याला वाटले, काहीतरी मोलाचे सापडले! त्याने ती भाऊबंदांना, शेजाऱ्यांना दिली. कोणी अंगाला चोळली. सहा वर्षांच्या एका मुलीने त्याच हातांनी जेवण केले. घरोघरी ओकाऱ्या सुरू झाल्या. अखेर भंगारवाल्याच्या बायकोला संशय आला. ती ते यंत्र पिशवीत घालून, बसने, आरोग्य कार्यालयात घेऊन गेली. तिच्यामुळे शहराला धोका कळला. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली. पण ती बाई, ती मुलगी आणि भंगारात काम करणारे दोघे, असे चौघे जण वाचले नाहीत.

आपल्याकडेही २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात असेच घडले. लिलावात निघालेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० होते. ते फोडताना कामगार भाजले, आजारी पडले. एक जण दगावला.

जपायचे कसे?

तीन गोष्टी ध्यानात ठेवा: वेळ, अंतर आणि आडोसा. जवळ थोडाच वेळ थांबा. होईल तितके दूर राहा. मध्ये जाड आडोसा घ्या. चुलीपासून सरकले की धग कमी होते, तसेच हे. अंतर दुप्पट केले तर किरण चौथाई होतात.

उगीच भिऊही नका. जमिनीतून, आकाशातून थोडे किरण सर्वांना रोज मिळतातच. आपल्या अंगातल्या पोटॅशियमचेही दर सेकंदाला काही हजार अणू फुटतात. डॉक्टरांनी सांगितलेला छातीचा फोटो भिऊन टाळू नका. मात्र बाईला दिवस गेले असतील, तर फोटोआधी तसे सांगावे.

आणि ही खूण ओळखायला शिका. पिवळ्या पाटीवर मध्ये काळा ठिपका आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती. २००७ सालापासून दुसरीही एक खूण आहे: लाल त्रिकोण, त्यात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. भंगारात अशी खूण असलेले किंवा नको इतके जड, शिशाने मढवलेले यंत्र दिसले तर हात लावू नका. फोडू नका, घरी नेऊ नका. दूर व्हा, इतरांना दूर करा आणि पोलिसांना कळवा.

धडा संपला त्या रात्री त्या बाई पुन्हा मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पहिल्याच रात्री घरी जाऊन अंथरूण आत आणलं. पोरगा आता आजीपाशीच निजतो." आम्ही विचारले, "शेजारी काय म्हणतात?" त्या हसल्या. "त्यांना मी चिमणी आणि काजळी समजावून सांगितली."

प्रश्न
१. बेकेरेल यांच्या काचेवर ऊन नसताना ठसा कसा उमटला?
२. अल्फा, बीटा आणि गामा यांना कशाकशाने अडवता येते?
३. कोबाल्ट-६० आज सोळा भाग असेल, तर साडेदहा वर्षांनी किती उरेल?
४. मशिनीवर शेक घेतलेला रोगी आणि किरणोत्सारी औषध घेतलेला रोगी, यांच्यात फरक कोणता?
५. किरणांच्या धोक्याची खूण पाटीवर काढा आणि घरच्या माणसांना दाखवा.